मडव्हिलचा केसी : प्रजासत्ताकाच्या एका कथागीताचे पडद्यावरील रूप

१

२० एप्रिल १९४६ रोजी वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रसंस्थेचा 'मेक माइन म्युझिक' हा चित्रपट न्यूयॉर्कमध्ये प्रथम प्रदर्शित झाला. संगीताच्या सूत्रात ओवलेल्या दहा स्वतंत्र व्यंगचित्रपटांचा हा संग्रह होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या संस्थेचे अनेक चित्रकार सैन्यात गेले होते, उरलेल्यांचा बराच वेळ सरकारसाठी शिक्षणपट आणि प्रचारपट तयार करण्यात जात होता, आणि युरोपची बाजारपेठ बंद झाल्यामुळे सलग दीर्घकथेचा खर्चिक व्यंगचित्रपट काढणे परवडण्यासारखे नव्हते. लहान लहान चित्रपट एकत्र बांधून त्यांचा एक मोठा चित्रपट करावा, ही योजना या अडचणीतून जन्मली. या दहांपैकी एकाचे नाव होते 'केसी ॲट द बॅट'. त्याचे दिग्दर्शन क्लाइड जेरोनिमी यांनी केले होते आणि निवेदन त्या काळचे रेडिओवरील लोकप्रिय विनोदी नट जेरी कोलोना यांनी. दहा मिनिटांहूनही कमी लांबीच्या या चित्रपटात बेसबॉलचा एकच सामना आहे, आणि तोही हरलेला सामना.

या चित्रपटाकडे करमणुकीचा एक जुना नमुना म्हणून पाहणे सोपे आहे. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र तो अधिक गंभीरपणे घ्यावा लागतो. याचे कारण असे, की त्याच्या मुळाशी १८८८ साली लिहिली गेलेली एक कविता आहे. आणि ती कविता छापील पानावरून रंगमंचावर, रंगमंचावरून ध्वनिमुद्रिकेवर व तेथून पडद्यावर जाताना तिचा अर्थ कसा बदलत गेला, याचा माग बऱ्यापैकी स्पष्टपणे काढता येतो. माध्यमांतराने कलाकृतीचे काय होते, हा प्रश्न मराठीतही कादंबरी आणि चित्रपट, कीर्तन आणि पोथी यांच्या संदर्भात वारंवार चर्चिला गेला आहे. केसीच्या बाबतीत त्याला आणखी एक पदर आहे. एक राष्ट्र आपल्या भूतकाळापैकी काय स्मरणात ठेवते आणि काय नजरेआड करते, हा तो पदर होय.

२

या कवितेचा कर्ता अर्नेस्ट लॉरेन्स थेयर. त्याचा जन्म १४ ऑगस्ट १८६३ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील लॉरेन्स या गावी झाला व बालपण वुस्टर येथे गेले. हार्वर्ड विद्यापीठात त्याने तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला आणि तेथील 'लँपून' या विनोदी नियतकालिकाचे संपादन केले. त्या नियतकालिकाचे आर्थिक व्यवहार पाहणारा विद्यार्थी होता विल्यम रँडॉल्फ हर्स्ट. हाच हर्स्ट पुढे अमेरिकन वृत्तपत्रसृष्टीतील सर्वांत प्रभावी, आणि तितकाच वादग्रस्त, मालक झाला. १८८७ साली वडिलांचे 'सॅन फ्रॅन्सिस्को एक्झॅमिनर' हे पत्र त्याच्या हाती आले. त्या पत्रासाठी विनोदी मजकूर लिहिणाऱ्यांत जुना सहाध्यायी थेयर होता. प्रकृतीच्या कारणाने थेयर लवकरच वुस्टरला परतला, परंतु तेथून तो काही काळ कथागीते लिहून पाठवीत राहिला. त्यांपैकी शेवटच्या काळातील एक कथागीत ३ जून १८८८ च्या अंकात 'फिन' या टोपणनावाने छापले गेले. त्याबद्दल थेयरला पाच डॉलर मिळाले.

कवितेचे उपशीर्षक लक्षणीय आहे. १८८८ साली गायिलेले प्रजासत्ताकाचे एक कथागीत, असा त्याचा आशय. एका काल्पनिक गावातील हरलेल्या सामन्याला 'प्रजासत्ताक' हा भारदस्त शब्द लावण्यातच उपहासाची पहिली खूण आहे. कविता तेरा कडव्यांची, बावन्न ओळींची. प्रत्येक ओळीत सात आघात, आणि दोन-दोन ओळींची यमके. इंग्रजीतील जुन्या कथागीतांना आणि वीरकथांच्या भाषांतरांना परिचित असलेली ही चाल आहे. थेयरने ती हेतुपूर्वक निवडली असावी. कारण धावता, गंभीर आणि किंचित डामडौलाचा असा तिचा स्वर वीराच्या आगमनासाठी जणू राखून ठेवलेला आहे.

मराठी वाचकाला विडंबनकाव्य म्हटले की केशवकुमारांची 'झेंडूची फुले' आठवतात. तेथे विडंबनाचा रोख विशिष्ट कवींवर आणि त्यांच्या लकबींवर आहे. थेयरच्या विडंबनाची जात वेगळी आहे. त्याच्यासमोर कोणी एक कवी नाही. वीरकाव्य हा संपूर्ण काव्यप्रकारच त्याने एका खेळाच्या मैदानावर आणून बसविला आहे. होमरच्या योद्ध्याला शोभणारी वर्णने येथे चेंडूफळीच्या खेळाडूला लाभतात, आणि निवेदक स्वतः एकदाही हसत नाही. हसणे त्याने सर्वस्वी श्रोत्यावर सोपविले आहे.

३

कवितेतील प्रसंग समजण्यासाठी बेसबॉलचे थोडे नियम ध्यानात घेणे आवश्यक आहे. या खेळात प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात आणि तीन फलंदाज बाद झाले की डाव संपतो. मैदानावर चौकटीच्या आकारात चार ठाणी असतात. ती क्रमाने ओलांडून मूळ ठाण्यावर परतलेल्या खेळाडूची एक धाव धरली जाते. योग्य टप्प्यात आलेला चेंडू फलंदाजाने सोडला, किंवा बॅट फिरवूनही तो हुकला, तर पंच एक 'स्ट्राइक' पुकारतो. अशा तीन स्ट्राइक झाल्या की फलंदाज बाद. क्रिकेटमधील फलंदाज मनात आणील तर दिवसभर चेंडू सोडू शकतो. बेसबॉलमधील फलंदाजाला ही मुभा नाही. चेंडू सोडणे हासुद्धा तेथे एक धोका असतो, आणि केसीची शोकांतिका, किंवा तिचा आभास, या एका नियमावर उभा आहे.

मडव्हिलचा संघ शेवटच्या डावात चार विरुद्ध दोन असा मागे आहे. पहिले दोन फलंदाज बाद झाले आहेत. काही प्रेक्षक उठून निघालेही आहेत. उरलेल्यांना एवढीच आशा आहे, की केसीला फलंदाजीची संधी मिळावी. परंतु त्याच्या आधी फ्लिन आणि ब्लेक हे दोन कच्चे खेळाडू आहेत. अनपेक्षितपणे दोघेही चेंडू टोलवितात. एक तिसऱ्या ठाण्यावर, दुसरा दुसऱ्या ठाण्यावर पोहोचतो. आता केसीने चेंडू मैदानापार धाडला तर एकदम तीन धावा होतील आणि मडव्हिल पाच विरुद्ध चार असा विजयी होईल. पाच हजारांचा जमाव गर्जतो. केसी शांतपणे येतो, टोपी किंचित उचलून अभिवादनाचा स्वीकार करतो, हातांना माती चोळतो. पहिला चेंडू त्याच्या पसंतीचा नसतो, तो सोडतो. दुसराही सोडतो. पंचाला मारा, अशी ओरड होते, आणि केसीच हात वर करून ती शमवितो. तिसऱ्या चेंडूला मात्र त्याच्या चेहऱ्यावरील सौम्यता जाते, दात आवळले जातात आणि तो सर्व शक्तीनिशी बॅट फिरवितो.

या ठिकाणी थेयरने जे केले आहे, ते कवितेच्या रचनेतील सर्वांत कुशल स्थळ होय. फटक्याने हवा दुभंगली, एवढे सांगून तो कडवे संपवितो. चेंडूचे काय झाले, हे सांगत नाही. शेवटचे कडवे एकाएकी दुसरीकडेच जाते: या देशात कोठेतरी सूर्य प्रकाशत आहे, कोठेतरी वाद्ये वाजत आहेत, माणसे हसत आहेत, मुले ओरडत आहेत. मडव्हिलमध्ये आनंद नाही, हे त्यानंतर कळते, आणि केसी बाद झाल्याची वार्ता अगदी शेवटच्या शब्दांत येते. म्हणजे प्रत्यक्ष पराभव कवितेत घडताना दिसतच नाही. तो श्रोत्याला एका गावाच्या उदासीवरून ओळखावा लागतो. ही कविता केसीवर आहे असे म्हटले जाते, पण तिचे पहिले कडवे प्रेक्षकांच्या मौनाने सुरू होते आणि शेवटचे गावाच्या दुःखाने संपते. केसी जमावाच्या अपेक्षेने घडविलेला आहे. उपशीर्षकातील प्रजासत्ताक ते हेच: पाच हजार माणसे, ज्यांनी आपले सारे कर्तृत्व एका माणसावर सोपविले आहे. थट्टा त्याच्या अहंकाराची आहे आणि तितकीच त्यांच्या भाबडेपणाचीही.

खेळातील अपेक्षाभंगाचा हा अनुभव क्रिकेटच्या वाचकाला अपरिचित नाही. १४ ऑगस्ट १९४८ रोजी ओव्हलच्या मैदानावर डॉन ब्रॅडमन कसोटीतील आपल्या अखेरच्या डावात दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर त्रिफळाचीत झाले, आणि त्यांच्या कित्येक शतकांपेक्षा ते शून्य लोकांच्या बोलण्यात अधिक राहिले.

४

वृत्तपत्रातील विनोदी पद्याचे आयुष्य एरवी एका दिवसाचे असते. केसीला दीर्घायुष्य दिले ते एका नटाने. आर्चिबाल्ड गुंटर या लेखकाने ती कविता वृत्तपत्रातून कापून ठेवली होती. ते कात्रण त्याने डी वुल्फ हॉपर या संगीतिकेतील विनोदी नटाला दिले. १४ ऑगस्ट १८८८ रोजी न्यूयॉर्कच्या वॉलॅक थिएटरमध्ये न्यूयॉर्क जायंट्स आणि शिकागो व्हाइट स्टॉकिंग्ज या दोन्ही संघांचे खेळाडू निमंत्रित म्हणून आले होते. त्यांच्या सन्मानार्थ हॉपरने चालू प्रयोगात ही कविता म्हटली. योगायोगाने त्या दिवशी थेयरला पंचवीस वर्षे पूर्ण झाली. तो मात्र तेथे नव्हता.

हॉपर अंगाने उंच, धिप्पाड, आणि आवाज खर्जातला. शेवटच्या कडव्यापर्यंत प्रेक्षक विजयाचीच वाट पाहत होते आणि अपेक्षाभंगाचा धक्का बसल्यावर नाट्यगृह हास्याने भरून गेले, असे वर्णन त्याच्या आठवणींतून मिळते. हे हास्य महत्त्वाचे आहे. सभागृहातील प्रेक्षक त्या क्षणी मडव्हिलच्या प्रेक्षकांच्या जागी बसलेले होते. त्यांनीही केसीवर विश्वास टाकला होता आणि त्यांचीही फसगत झाली होती. पठणात कवितेचा उपहास असा दुहेरी होतो. छापील पानावर एकटा वाचक मडव्हिलकडे दुरून पाहतो. रंगमंचासमोरचा समुदाय स्वतःच मडव्हिल होतो. कीर्तनकाराच्या पूर्वरंगात आणि शाहिराच्या पोवाड्यात श्रोतृसमुदायाचे जे स्थान असते, त्याच्याशी याचे नाते सहज ओळखता येते.

पुढील आयुष्यात आपण ही कविता दहा हजार वेळा म्हटली असावी, असा हॉपरचा अंदाज होता. १९०६ साली व्हिक्टर कंपनीने त्याच्या पठणाची ध्वनिमुद्रिका काढली, १९१६ च्या मूकपटात तो स्वतः केसी झाला, आणि बोलपटाच्या प्रारंभीच्या प्रयोगांत ली डी फॉरेस्ट यांनी त्याच्या पठणाचे चित्रण केले. वुस्टर येथे एकदा त्याची थेयरशी गाठ पडली. मित्रांच्या आग्रहास्तव कवीने आपली कविता म्हणून दाखविली. ती इतक्या मऊ आणि हलक्या स्वरात, की हॉपरला ते पठण फार दुबळे वाटले. छापील शब्दाच्या मनुष्याला जमावाचा आवाज नव्हता.

थेयरने या कवितेचा अभिमान कधीच फारसा बाळगला नाही आणि तिच्यावर मानधनही मागितले नाही. टोपणनावामुळे तिच्या कर्तृत्वावर इतरांनी हक्क सांगितला. डॅन केसी नावाच्या एका निवृत्त खेळाडूने तो नायक आपणच, असे जाहीर केले. कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन आणि मॅसॅच्युसेट्समधील हॉलिस्टन ही दोन्ही गावे आपणच मूळचे मडव्हिल असल्याचे सांगतात. दरम्यान कवितेची उत्तरे आणि अनुकरणे निघत राहिली. क्रीडालेखक ग्रँटलंड राइस यांच्या एका कवितेत केसी पराभवाचा सूडही घेतो. १९६७ साली मार्टिन गार्डनर यांनी मूळ कविता आणि तिची ही सारी संतती एका सटीप ग्रंथात एकत्र केली. आपला नायक हरलेलाच राहावा, हे सर्वांनाच सहन झाले नव्हते, असे त्यावरून दिसते.

५

१९४६ चा व्यंगचित्रपट या परंपरेच्या शेवटी येतो. थेयर १९४० साली निवर्तला होता, हॉपर त्यापूर्वी पाच वर्षे. चित्रकर्त्यांच्या हाती कविता होती, आणि हॉपरने तिला दिलेला पठणाचा संस्कारही होता. त्यांनी केलेले बदल वरवर किरकोळ आहेत. परंतु एकत्र पाहिले असता त्यांना एक निश्चित दिशा आहे.

पहिला बदल काळाचा. थेयरची कविता तिच्या वाचकांच्या वर्तमानातील होती; उपशीर्षकात ते साल मुद्दाम घातले होते. चित्रपटाने मडव्हिल १९०२ सालात नेऊन ठेवले. प्रारंभी त्या दशकाची आठवण करून देणारे गीत येते, जुन्या छापील चित्रांची धाटणी येते, आणि मिशीवाला, रुंद छातीचा केसी स्त्रियांच्या गराड्यात अवतरतो. प्रेक्षकाला पहिल्या क्षणापासून सांगितले जाते, की हे सारे जुन्या, भोळ्या आणि सुखाच्या दिवसांतले आहे. कवितेत जो आजचा नागरिक होता, तो पडद्यावर आजोबांच्या जमान्यातील गंमतीदार पात्र झाला.

दुसरा बदल स्वराचा. हॉपरचे बळ त्याच्या गांभीर्यात होते. वीरकाव्याचे विडंबन तेव्हाच साधते, जेव्हा सांगणारा शेवटपर्यंत वीरकाव्यच सांगत असल्यासारखा वागतो. कोलोना यांची ख्याती याच्या उलट गुणांवर होती: ताणलेले सूर, अचानक उसळणारा आवाज, आपल्याच अतिशयोक्तीत रमणे. त्यांचे निवेदन पहिल्या शब्दापासून विनोदी आहे. त्यामुळे श्रोत्याची फसगत होण्याला वावच उरत नाही. हा दोष नटाचा म्हणता येणार नाही. चित्र स्वतःच हसविणारे असेल, तर स्वराने गंभीर राहून मिळवायचे ते फारसे काही शिल्लक नसते.

तिसरा बदल शेवटचा, आणि तो सर्वांत अर्थपूर्ण. कवीने जो क्षण शब्दांआड ठेवला होता, तो चित्राला टाळता येत नाही. बॅट फिरते, चेंडू हुकतो, आणि ते दिसते. त्यानंतर चित्रकर्ते मोकळ्या मैदानावर येतात. पाऊस कोसळत आहे, प्रेक्षक गेलेले आहेत, आणि चिखलात एकटा केसी रडत, चिडत, त्याच चेंडूला टोला मारण्याची धडपड करीत आहे. हे दृश्य हास्यास्पद आहे आणि करुणही. व्यंगचित्राच्या माध्यमाने येथे असे काही साधले आहे, की जे कवितेत नाही. देहाला हवे तसे ताणता आणि मोडता येत असल्यामुळे अहंकाराचा मोड शरीरावरच दाखविता आला. परंतु त्यासाठी गाव नाहीसे झाले. थेयरने दुःख मडव्हिलला दिले होते. चित्रपटाने ते केसीला दिले. प्रजासत्ताकाचे कथागीत अशा रीतीने एका व्यक्तीच्या फजितीची कथा झाली.

६

हे स्थित्यंतर अपरिहार्य होते का, हे पाहण्यासाठी त्याच वर्षातील दुसरा एक बेसबॉलविषयक व्यंगचित्रपट उपयोगी पडतो. फ्रिझ फ्रेलेंग यांनी वॉर्नर ब्रदर्ससाठी दिग्दर्शित केलेला 'बेसबॉल बग्ज' २ फेब्रुवारी १९४६ रोजी प्रदर्शित झाला. त्यात न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर 'गॅस-हाउस गोरिलाज' नावाचा दांडग्यांचा संघ म्हाताऱ्या प्रतिस्पर्ध्यांना तुडवीत असतो. बग्ज बनी हा ससा बिळातून त्यांची टवाळी करतो, आणि मग त्याला एकट्याने संपूर्ण संघाविरुद्ध खेळावे लागते. चेंडूफेक, झेल, फलंदाजी, सर्व तोच करतो.

या चित्रपटाचा शेवट थेयरच्या प्रसंगाची आरशातली प्रतिमा वाटावा असा आहे. शेवटचा डाव, दोन खेळाडू बाद, ठाण्यावर एक धावपटू, आणि ९६ विरुद्ध ९५ अशी आघाडी घेतलेला ससा. गोरिलांच्या फलंदाजाने मैदानापार फटका मारला तर सामना त्यांचा. तो फटका बसतोही. पण बग्ज वाहनाने शहर ओलांडून एका गगनचुंबी इमारतीच्या टोकावर चढतो आणि तेथून हातमोजा भिरकावून चेंडू झेलतो. गोरिला हरकत घेतो, तेव्हा खुद्द स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा फलंदाज बाद असल्याचा निकाल देतो. दांडगाईवर युक्तीचा विजय, आणि त्यावर प्रजासत्ताकाच्या अधिकृत प्रतीकाची मोहर! नुकत्याच जिंकलेल्या युद्धानंतरचा आत्मविश्वास या विनोदात सहज ओळखू येतो.

एकाच वर्षातील या दोन चित्रपटांत तुलना केली तर असे दिसते, की वर्तमानकाळातले शहर जिंकणाऱ्या सशाच्या वाट्याला आले आणि हरणाऱ्या माणसाला भूतकाळात पाठविण्यात आले. पराभव ही गोष्ट चार दशकांपूर्वीच्या पोशाखात असेल तरच तिच्यावर मनमोकळे हसता येईल, असा काहीसा अलिखित संकेत त्यामागे असावा.

७

भूतकाळाच्या या गोड चित्रात काय येत नाही, याचा विचार आता केला पाहिजे. बेसबॉलच्या इतिहासात १८८७ हे वर्ष काळ्या अक्षरांनी नोंदले गेले आहे. त्यापूर्वी मोझेस फ्लीटवुड वॉकर याच्यासारखे काही कृष्णवर्णीय खेळाडू गोऱ्यांच्या संघांतून खेळत. वॉकर १८८४ साली टोलीडोच्या संघातून सर्वोच्च स्तरावरही खेळला होता. १४ जुलै १८८७ रोजी शिकागो व्हाइट स्टॉकिंग्जचा संघ नेवार्क येथे सामना खेळण्यास गेला, तेव्हा जॉर्ज स्टोव्ही हा कृष्णवर्णीय खेळाडू मैदानावर असेल तर आपला संघ उतरणार नाही, अशी भूमिका कर्णधार कॅप अॅन्सन याने घेतली आणि स्टोव्ही त्या सामन्यात खेळला नाही. त्याच दिवशी इंटरनॅशनल लीगच्या संचालकांनी कृष्णवर्णीयांशी होणाऱ्या नव्या करारांना मान्यता न देण्याचे ठरविले. यानंतर काही वर्षांतच गोऱ्यांच्या संघांची दारे त्यांना पूर्णपणे बंद झाली.

त्यानंतर तेरा महिन्यांनी, १४ ऑगस्ट १८८८ रोजी, वॉलॅक थिएटरमध्ये केसीचे पहिले पठण ऐकण्यासाठी ज्या दोन संघांना सन्मानाने बोलावले होते, त्यांपैकी एक संघ हा अॅन्सनचा होता. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात या संघातील खेळाडू जगाच्या दौऱ्यावर निघाले आणि १८८९ च्या जानेवारीत कोलंबो येथेही खेळले. राष्ट्रीय खेळ जगाला दाखविण्याचा तो उपक्रम होता. कवितेतील नावे पाहिली तर केसी, फ्लिन ही आयरिश वंशाची आहेत. आयरिश स्थलांतरितांची अमेरिकेत दीर्घकाळ हेटाळणी झाली; त्यांना या मैदानावर नायक होता आले, हा त्या काळच्या समावेशाचा भाग. त्या समावेशाची सीमा कोठे होती, हे पाच हजारांच्या जमावाचे वर्णन करणाऱ्या कवितेत येत नाही, आणि तिच्यापाशी तशी मागणीही करता येणार नाही. तरीही 'प्रजासत्ताक' हा शब्द थेयरने थट्टेने वापरला असला, तरी इतिहासाने त्या थट्टेला त्याच्या मनात नसलेली धार दिली आहे.

चित्रपटाच्या बाबतीत योगायोग याहूनही विलक्षण आहे. 'मेक माइन म्युझिक' न्यूयॉर्कमध्ये दाखविला गेला त्याच्या दोनच दिवस आधी, १८ एप्रिल १९४६ रोजी, हडसन नदीच्या पलीकडे जर्सी सिटी येथे जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिन डॉजर्सच्या दुय्यम संघातून, मॉन्ट्रियल रॉयल्समधून, पहिला सामना खेळला. सुमारे २५ हजार प्रेक्षकांसमोर तिसऱ्या डावात त्याने चेंडू मैदानापार धाडला. दोन सहकारी ठाण्यांवर होते, म्हणून एकदम तीन धावा झाल्या. मडव्हिलला केसीकडून हवा होता तो हाच फटका. मॉन्ट्रियलने तो सामना १४ विरुद्ध १ असा जिंकला. पुढच्या वर्षी, १५ एप्रिल १९४७ रोजी, रॉबिन्सन ब्रुकलिनच्या मुख्य संघात आला आणि सहा दशकांची भिंत कोसळू लागली.

ज्या आठवड्यात बेसबॉलचा वर्तमान असा बदलत होता, त्याच आठवड्यात पडद्यावर १९०२ चे मडव्हिल निर्दोष, आनंदी बालपणासारखे दाखविले जात होते. १९०२ हे साल असे, की तेव्हा वर्णभेदाची ती भिंत पुरती उभी झालेली होती. चित्रकर्त्यांनी ते लपविण्याच्या हेतूने साल निवडले, असे म्हणण्यास काही आधार नाही. स्मरणरंजनाचा स्वभावच असा असतो. ते खोटे सांगत नाही. पोशाख, मिश्या, वाद्यवृंद यांची इतकी दाटी करते, की प्रेक्षकांत कोण बसलेले नाही याकडे लक्ष जात नाही. वगळलेल्या खेळाडूंनी १९२० पासून आपल्या स्वतंत्र लीगमधून हा खेळ जोपासला होता. त्या लीगला सर्वोच्च दर्जाची मान्यता देत असल्याचे मेजर लीग बेसबॉलने २०२० साली जाहीर केले, आणि तेथील आकडेवारी अधिकृत नोंदींत मिळविली गेली ती २०२४ साली.

८

डिस्ने संस्थेने १९५४ साली 'केसी बॅट्स अगेन' हा पुढचा भाग काढला. त्यात केसीला मुलाची आस असते, पण होतात त्या नऊ मुली. आणि नऊ म्हणजे नेमका एक संघ. मुलींचा हा संघ पित्याची गेलेली प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी मैदानात उतरतो. युद्धकाळात, १९४३ साली, सुरू झालेली स्त्रियांची व्यावसायिक बेसबॉल लीग याच १९५४ साली बंद पडली. मैदानावर ज्यांची जागा संपत होती, त्यांना पडद्यावर विनोदासाठी जागा मिळाली. राइस यांच्या कवितेप्रमाणे या चित्रपटालाही मूळ पराभव पुसून टाकावासा वाटला, आणि त्यांच्याप्रमाणेच तो मूळ कृतीइतका लोकांच्या ध्यानी राहिला नाही.

साहित्याच्या दृष्टीने या प्रवासाचे फलित असे सांगता येईल. थेयरच्या कवितेचे सामर्थ्य तिने पराभव न दाखविण्यात आणि जमावाला केंद्रस्थानी ठेवण्यात होते. हॉपरच्या पठणाने ते सामर्थ्य वाढविले, कारण ऐकणारा समुदाय जमावाच्या जागी येऊन बसला. व्यंगचित्रपटाने तिला गती, देह आणि पावसातले एक अविस्मरणीय दृश्य दिले. परंतु जमावाला पार्श्वभूमीत ढकलले आणि वर्तमानाला गतकाळ केले. म्हणूनच १९४६ च्या चित्रपटाचा विचार १८८८ च्या कवितेबरोबर आणि त्या दोन्ही वर्षांच्या इतिहासाबरोबर करावा लागतो. असे केले म्हणजे चिखलात रडणाऱ्या केसीची गंमत कमी होत नाही. त्याच्या मागची रिकामी आसने मात्र दिसू लागतात, आणि एकेकाळी तेथे कोणाला बसू दिले गेले, कोणाला खेळू दिले गेले नाही, हा प्रश्न कवितेच्या उपशीर्षकापर्यंत परत घेऊन जातो.